हलकी सायकल घेतली तर पसरणी घाट सोपा जाईल का?

अबोली · रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आज सकाळी पसरणी घाट तिसऱ्यांदा चढले आणि तिसऱ्यांदाच पार थकून वर पोचले. वाईतून निघून पाचगणीपर्यंत एक तास पन्नास मिनिटं लागली. त्यातला सायकल चालवण्याचा वेळ एक तास बावीस मिनिटं, बाकीचा रस्त्याच्या कडेला उभं राहून श्वास परत आणण्यात गेला. बुवासाहेबांच्या मंदिरापाशी थांबले तेव्हा मांड्या अक्षरशः थरथरत होत्या. पुढे आणखी दोनदा थांबावं लागलं.

माझी सायकल तीन वर्षांची हायब्रिड आहे (रोड बाईक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली), अॅल्युमिनियमची. घरी वजनकाट्यावर आधी मी एकटी उभी राहिले, मग सायकल उचलून धरून. फरक १४.२ किलो आला. माझं वय ४४, वजन ६४ किलो.

दोन आठवड्यांपूर्वी कात्रजच्या जुन्या घाटात मैत्रिणीची रोड बाईक चालवून पाहिली. तिची ९.७ किलोची आहे. काय सांगू, पिसासारखी वर गेली. कुठेही पाय भरून आले नाहीत. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. जवळपास ऐंशी हजार खर्च करायची मनाची तयारी झाली आहे, घरच्यांनीही हो म्हटलंय. पण पैसे कष्टाचे आहेत, म्हणून आधी विचारते. साडेचार किलो कमी झाले तर घाटात नेमका किती फरक पडेल? मला शर्यत लावायची नाही. न थांबता वर पोचायचं आहे, आणि वर पोचल्यावर कृष्णेचं खोरं बघण्याइतका जीव शिल्लक हवा.

सह्यवारा · रविवार, रात्री ९.४८

घ्या बिनधास्त. मी गेल्या वर्षी १५ किलोच्या एमटीबीवरून (डोंगरी सायकलवरून) ८.४ किलोच्या कार्बन फ्रेमच्या सायकलवर आलो. सिंहगड, खंबाटकी, ताम्हिणी, सगळे घाट वेगळेच वाटायला लागले. वजनाला पर्याय नाही.

रविवारची फेरी · रविवार, रात्री १०.३०

अबोलीताई, तुम्ही आकडे इतके नीट दिलेत की हिशोब मांडायचा मोह आवरत नाही.

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर आहे आणि पाचगणी १,२९० च्या आसपास. घाटाचा मुख्य भाग धरला तर ११ किलोमीटरमध्ये ५५० मीटर चढ, म्हणजे सरासरी पाच टक्के. तुम्ही ६४ किलो, सायकल १४.२, त्यात हेल्मेट, बूट, पाणी, पंप आणि पंक्चरचं सामान मिळून आणखी साडेतीन-चार. सगळं मिळून ८२ किलो घाटावर चढतात. घाटाला सायकल आणि माणूस असा भेद कळत नाही, त्याला हे ८२ कळतात.

आता एक किलो वजन ५५० मीटर उचलायला सुमारे ५,४०० जूल लागतात. तुमच्या चालत्या वेळावरून उलटा हिशोब केला तर तुमचे पाय साधारण ११० वॅट देत होते. म्हणजे तो एक किलो वर न्यायला ५० सेकंद. टायरचं घर्षणही वजनाबरोबर किंचित वाढतं, ते धरून एक मिनिट म्हणू. तुमच्यासाठी आणि या घाटासाठी हिशोब सोपा झाला: किलोमागे एक मिनिट.

साडेचार किलो कमी केले तर साडेचार मिनिटं. ८२ मिनिटांची साडेसत्त्याहत्तर होतील. फरक खरा आहे, खोटा नाही. पण तुमची २८ मिनिटं थांबण्यात गेली, आणि ती वजनाच्या हिशोबात कुठेच बसत नाहीत. मला ती २८ मिनिटं जास्त खुपतात.

निळी हायब्रिड · सोमवार, सकाळी ७.१५

वाचतेय. माझाही अगदी हाच प्रश्न होता. सायकल १३.६ किलो.

चाकोरी · सोमवार, सकाळी ११.०२

वरच्या हिशोबाला माझा एक अनुभव जोडतो. मागच्या हिवाळ्यात सिंहगडावर दोन रविवार हे करून पाहिलं. सायकल तीच, टायरमध्ये हवा तेवढीच, निघायची वेळ पहाटे सहाची. पहिल्या रविवारी नेहमीसारखा गेलो. दुसऱ्या रविवारी पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या चार भरलेल्या लिटरच्या बाटल्या टाकल्या. दोन्ही वेळा हृदयाचे ठोके १५० च्या आसपास ठेवले. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत पहिल्यांदा ५५ मिनिटं १० सेकंद, दुसऱ्यांदा ५७ मिनिटं ५०. चार किलोला दोन मिनिटं चाळीस सेकंद. कागदावर मांडलं तर अडीच मिनिटं येतात. वारा, झोप, आदल्या रात्रीचं जेवण यांनीही तेवढा फरक पडू शकतो हे मान्य. पण मला सर्वात जास्त लक्षात राहिलं ते हे की दुसऱ्या रविवारी मला वाटत होतं, आपण दहा मिनिटं तरी मागे आहोत. पाठीवरचं ओझं मनाला फार जड वाटतं, घड्याळाला तितकं नाही.

सह्यवारा · सोमवार, दुपारी १.२०

हिशोब ठीक आहेत हो, पण सायकल चालवताना जे जाणवतं त्याचं काय? उभं राहून पॅडल मारताना हलकी सायकल हाताखाली डावी-उजवी सहज झुलते. वळणावर पाय दिला की लगेच पुढे सरकते. आणि चाकं हलकी असतील तर फिरणाऱ्या वजनाचा फायदा दुप्पट मिळतो, हे सगळेच सांगतात.

रविवारची फेरी · सोमवार, दुपारी २.०५

जाणवतं त्याला मी अजिबात नाकारत नाही, दादा. सायकलवर प्रेम बसणं ही मोठी गोष्ट आहे; ज्या सायकलवर प्रेम असतं तीच पहाटे बाहेर निघते.

चाकांचं मात्र थोडं स्पष्ट करतो. रिम आणि टायरचं वजन दुप्पट मोजायचं ते वेग वाढवताना, कारण त्याला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. सिग्नलला थांबून सुटताना, शर्यतीत अचानक झेप घेताना ते कळतं. घाटात आपण ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या जवळजवळ एकाच वेगाने चढत असतो. तिथे रिममधले १०० ग्रॅम आणि बाटलीतलं १०० मिलिलिटर पाणी यांत फरक राहत नाही.

जुना सायकलवाला · सोमवार, संध्याकाळी ६.४०

माझं वय ७१. वाईतच वाढलो. आमच्या लहानपणी घरात एकच काळी सायकल होती, वीस किलोच्या वरची, गियर नाही, दांडीवर धाकटा भाऊ. पाचगणीला भाजी घेऊन जाणारी माणसं मी पाहिली आहेत. चढ लागला की ती सायकलवरून उतरून हातात धरून चालायची, सपाटी आली की पुन्हा बसायची. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. उतारावर मात्र त्या सायकली जपून न्याव्या लागत. ब्रेक दांड्यांचे असायचे आणि रबर तापलं की वास यायचा.

हे सांगायचं कारण एवढंच की त्या सायकलीची अडचण वीस किलोंपेक्षा त्या एका गियरची जास्त होती. मला साठाव्या वर्षी मुलाने गियरची सायकल दिली, तीसुद्धा १५ किलोची. तिच्यावर बसून पहिल्यांदा पसरणी पूर्ण चढलो. त्या दिवशी पाचगणीत एका दुकानाच्या पायरीवर बसून मी रडलो होतो.

अबोलीताई, तुमच्या सायकलीला पुढे पॅडलपाशी दात्यांची किती चाकं आहेत? आणि चढताना साखळी कुठल्या चाकावर असते?

अबोली · सोमवार, रात्री ९.३०

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून आभार.

पुढे तीन चेनरिंग (पॅडलपाशी असलेली दात्यांची चाकं), मागे सात. चढताना डावीकडच्या शिफ्टरवर (हँडलवरच्या गियर बदलायच्या खटक्यावर) १ आणि उजवीकडेही १ आकडा असतो, म्हणजे सर्वात हलका गियरच ना? दाते मोजायचे राहिलेत. उद्या मोजते.

कोकणवाट · सोमवार, रात्री १०.५५

रत्नागिरीहून लिहितोय. आमच्याकडे घाट लांब नसतात, पण खाडी ओलांडली की दोन किलोमीटरचा असा चढ येतो की समोरचा रस्ता भिंतीसारखा उभा दिसतो. कुठे कुठे बारा टक्क्यांच्या पुढे. तिथे वेग ताशी पाच-सहावर येतो आणि त्याच्या खाली गेला की तोल सांभाळता येत नाही. अशा जागी हलकी सायकल किंवा हलका गियर यांपैकी एक काहीतरी लागतंच, आणि गियर स्वस्त पडतो. माझी स्टीलची टूरिंग सायकल सामानासकट २२ किलोची होते. पुढे २२ दात्यांची चेनरिंग आहे, मागे ३४. हळूहळू सगळीकडे चढते.

एक गोष्ट मात्र वजनाच्या बाजूने सांगतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. रोज सायकल खांद्यावर घेऊन चढायची तर १४ आणि ९ किलोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बायकोची सायकल आम्ही याच कारणासाठी हलकी घेतली आणि ती आता रोज बाहेर निघते.

सोनचाफा · मंगळवार, सकाळी ८.१०

सायकलचे चार किलो कमी करण्यापेक्षा स्वतःचे चार किलो कमी करा, फुकटात होईल.

अबोली · मंगळवार, सकाळी ८.४५

हे मला नेहमी ऐकायला मिळतं. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे आणि डॉक्टरांच्या मते माझं वजन योग्य आहे. चार किलो घटवायला गेले तर आधी पायातलं बळ जाईल, आणि तेच मला घाटात हवंय. कृपया हा सल्ला देताना समोरच्याची माहिती विचारत जा.

रविवारची फेरी · मंगळवार, सकाळी ९.२०

ताईंना पूर्ण अनुमोदन. घाटाच्या आदल्या आठवड्यात उपाशी राहून चढायला आलेला एक मित्र मी अर्ध्या वाटेत चक्कर येऊन बसलेला पाहिला आहे.

कमी करायचंच तर पिशवी तपासा. दोन बाटल्या सायकलला आणि वर पिशवीत दोन लिटर पाणी असं मी पसरणीत अनेकांना नेताना पाहतो. थंडीत, पहाटे निघालात तर दीड लिटर पुरतं, वर पाचगणीत पाणी मिळतंच. एप्रिल-मे मध्ये मात्र पाण्यात काटकसर अजिबात नको. तेव्हा दोन मिनिटं उशीर झालेला परवडला.

अबोली · मंगळवार, रात्री १०.१५

मंडळी, मला काहीतरी सापडलंय. काका, तुमच्या प्रश्नामुळे.

संध्याकाळी सायकल उलटी ठेवून दाते मोजले. पुढे ४८, ३८ आणि २८. मागे सर्वात मोठं चाक २८ दात्यांचं. मग पॅडल हाताने फिरवत डावा शिफ्टर १ वर आणला. आकडा १ दिसतोय, पण साखळी ३८ वरच! पुन्हा केलं, पुन्हा तेच. सायकल सरळ उभी करूनही तेच. वाकून बघितलं तर २८ ची चेनरिंग नवीकोरी चकाकतेय. तिच्या दात्यांवर कारखान्यातला काळा रंगसुद्धा शाबूत आहे. शेजारच्या ३८ चे दाते घासून टोकदार झालेत. म्हणजे तीन वर्षांत साखळी त्या छोट्या चाकावर एकदाही गेलेली नाही.

सायकल घेतली तेव्हाच मी दुकानात म्हटलं होतं की पुढचा गियर बदलताना खरखर येते. त्यांनी काहीतरी फिरवलं, खरखर थांबली आणि ‘आता काही काळजी नाही’ म्हणाले. मी विश्वास ठेवला. नंतर दोनदा सर्व्हिसिंग झालं, तिथेही कुणी बघितलं नाही. फार वाईट वाटतंय. तीन वर्षं मी स्वतःलाच कमकुवत समजत होते.

जुना सायकलवाला · मंगळवार, रात्री १०.५०

बाळा, वाईट वाटून घेऊ नकोस. तू तीनदा तो घाट ३८ वर चढलीस. हे लहान काम नाही.

चाकोरी · मंगळवार, रात्री ११.३०

आता त्या २८ मिनिटांचा उलगडा होतोय.

३८ ला २८ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात तुमची सायकल जवळजवळ तीन मीटर पुढे जाते. ताशी आठ किलोमीटरच्या वेगाला मिनिटाला ४४ फेरे. तीव्र वळणावर वेग साडेसहावर आला की ३६. म्हणजे प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा, सगळा भार गुडघ्यांवर आणि मांड्यांवर. श्वास पुरला तरी स्नायू आधी हार मानतात. मांड्या थरथरणं हे त्याचंच लक्षण.

२८ ला २८ मिळालं तर एका फेऱ्यात २.२ मीटर. त्याच वेगांना ६० आणि ४९ फेरे. वॅट तेवढेच, वेग तेवढाच, पण दर फेऱ्याचा जोर सव्वीस टक्क्यांनी कमी.

आणि आता मैत्रिणीची सायकल. तिला पुढे ३४ आणि मागे ३२ आहे का, विचाराल? तसं असेल तर एका फेऱ्यात २.२३ मीटर. कात्रजला तुम्हाला जे पिसासारखं वाटलं, त्यात साडेचार किलोंचा वाटा थोडा आणि त्या गियरचा वाटा फार मोठा होता.

दुरुस्ती अवघड नाही. पुढच्या डिरेलरवर, म्हणजे साखळी एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावर, दोन बारीक स्क्रू असतात. एक डिरेलरला आत किती जाऊ द्यायचं ते ठरवतो, दुसरा बाहेर किती. आतला स्क्रू जास्त आवळलेला असणार, त्याच्या शेजारी बहुधा ‘एल’ कोरलेला दिसेल. मागे साखळी सर्वात मोठ्या चाकावर आणा, केबल ढिली करा, स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत जा. साखळी २८ वर उतरली आणि डिरेलरच्या आतल्या पत्र्याला घासत नाही एवढी जागा राहिली की थांबा. जास्त सैल केला तर साखळी आत फ्रेमवर पडेल. मग केबल ताणून घट्ट करा.

सह्यवारा · बुधवार, सकाळी ७.५०

चाकोरी, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझी जुनी एमटीबी गॅलरीतून बाहेर काढली. तिच्यावर जाड गोट्यांचे टायर होते आणि नव्या सायकलवर २८ मिलिमीटरचे गुळगुळीत. मी सगळं श्रेय कार्बनला देत होतो. टायरचा वाटा किती असेल?

रविवारची फेरी · बुधवार, सकाळी ९.०५

डांबरी रस्त्यावर चांगला मोठा. अबोलीताईंच्याच घाटावर मांडतो: टायरच्या लोळण-घर्षणाचा गुणांक ०.००८ वरून ०.००५ वर आला तर चार मिनिटं वाचतात, म्हणजे जवळजवळ चार किलो कमी केल्यासारखं. गोट्यांच्या टायरवरून गुळगुळीत टायरवर आलात तर फरक याहून जास्त. तुमच्या १५ वरून ८.४ वर येण्यातला बराच फायदा टायरमधून आलाय. पण तुम्ही चढताय आणि आनंदात आहात, तेव्हा सायकल वाया गेली असं मुळीच नाही.

अबोली · रविवार, दुपारी १.३०

आज पुन्हा गेले.

शुक्रवारी भावाबरोबर बसून स्क्रू लावला. चाकोरी, तुम्ही लिहिलंत तसं पाव-पाव फेरा. चौथ्या पावाला साखळी ‘टक्’ करून २८ वर उतरली. घरात आम्ही टाळ्या वाजवल्या. टायरमध्ये त्यांच्या कडेवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरली, आधी बरीच कमी होती. पिशवी घरी ठेवली, दोन बाटल्या फक्त.

पसरणी गाव मागे पडलं तेव्हा नेहमीची धाकधूक होती. पहिल्या तीव्र वळणावर साखळी खाली उतरवली आणि पाय गोल फिरत राहिले. कधी नव्हे ते मी चढावर बसल्या बसल्या पाणी प्यायले. बुवासाहेबांपाशी थांबले ते थकून नाही, हात जोडायला. दोन मिनिटं. नंतर थेट दांडेघर. चालता वेळ एक तास एकोणीस मिनिटं, एकूण एक तास पंचवीस. चालत्या वेळात जेमतेम तीन मिनिटांचा फरक पडला, एकूण वेळात पंचवीस मिनिटांचा. मैत्रिणीला विचारलं, तिच्या सायकलला ३४ आणि ३२ च आहे.

ऐंशी हजार तूर्त बँकेतच राहतील. टायर बदलीन म्हणते. आणि मागे १४ ते ३४ दात्यांचं फ्रीव्हील (मागच्या गियर-चाकांचा संच) बसेल का? आंबेनळी मनात आहे, पोलादपुरापासून महाबळेश्वरपर्यंत.

चाकोरी · रविवार, दुपारी २.१५

वाचून फार आनंद झाला! सात गियरचं १४–३४ मिळतं. आधी मागच्या डिरेलरचा क्रमांक बघा, ३४ दाते झेपणारा आहे का. नवी साखळी घ्यावी लागेल, जुनी आखूड पडेल आणि तीन वर्षांत ताणलीही असेल. लांबी मोजताना साखळी डिरेलरमधून न घालता पुढच्या ४८ आणि मागच्या ३४ वरून ओढा, जिथे जुळेल त्याच्यापुढे दोन कड्या जास्त ठेवा.

३८ चे दाते टोकदार झालेत म्हणालात. नवी साखळी त्यावर घसरेल. चेनरिंग बोल्टने लावली आहे की रिव्हेटने, ते बघून सांगा. बोल्ट असतील तर तेवढीच बदलता येईल, रिव्हेट असेल तर पूर्ण क्रँकसेट (पॅडलच्या दांड्या आणि पुढच्या चेनरिंग मिळून) घ्यावा लागेल. घेतलात तर सर्वात छोटी चेनरिंग २८ पेक्षा मोठी येत नाही ना, तेवढं पैसे देण्याआधी स्वतः मोजा.

अबोली · रविवार, दुपारी २.४०

आत्ताच खाली जाऊन बघून आले. बोल्ट आहेत, पाच.